रँग्लरांच्या वाड्यात : केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज

हायकोर्टात पस्तीस वर्षं वकिली केली. त्यातला बराचसा वेळ पुकारा होण्याची वाट बघत शेजारच्या राजाबाई टॉवरकडे पाहण्यात गेला. हा टॉवर आणि त्याच्या शेजारचं दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे काढणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्यानं नकाशे काढले आणि पाठवून दिले. राजाबाईचा पाया घातला गेला 1869 मध्ये, आणि त्याच वर्षी याच स्कॉटनं बांधलेलं एक चॅपेल केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात खुलं झालं. यंदा लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा ही भावकी बघून यायची असं ठरवूनच गेलो होतो.

जायचं कसं, ते आधी सांगतो. किंग्ज क्रॉसहून जलद गाडीनं पाऊण-एक तास लागतो. सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेतलं तिकीट महाग पडतं, म्हणून साडेनऊनंतर निघा. डुलकी मात्र काढू नका. मी काढली, आणि लेक तिच्या फोनमध्ये होती. केंब्रिज मागे पडलं आणि आम्ही केंब्रिज नॉर्थ नावाच्या पुढच्या स्टेशनात उतरलो. परत फिरण्यात अर्धा तास गेला. मुख्य स्टेशनही गावापासून लांबच आहे. कॉलेजपर्यंत चालत अर्धा तास धरा, नाहीतर स्टेशनबाहेरून बस घ्या. निघण्यापूर्वी कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ आणि तिकीट बघा. परीक्षा आणि पदवीदानाच्या दिवसांत ही कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात.

सेंट जॉन्स स्ट्रीटवरचा मोठा दरवाजा लाल विटांचा आहे. दोन मिनिटं रस्त्यापलीकडे उभं राहून तो नीट पाहा. कॉलेज 1511 चं, लेडी मार्गारेट ब्यूफोर्ट या सातव्या हेन्रीच्या आईच्या इच्छेनं निघालेलं. ती स्वतः 1509 मध्येच वारली. मागे राहून पैसा आणि परवानग्या मिळवण्याची खटपट बिशप जॉन फिशरनं केली. दरवाजावर तिची राजमुद्रा कोरली आहे, आणि ती धरून उभे असलेले दोन प्राणी कुठल्याच जंगलात सापडणार नाहीत. तोंड बोकडाचं, अंग हरणाचं, शेपूट हत्तीचं. नाव येल. आपल्या देवळांवरच्या व्यालांचे हे लांबचे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. भोवती डेझीची फुलं पेरली आहेत, कारण मार्गारेट हे त्या फुलाचंही नाव.

आत देवडी आणि तिथून एकामागून एक चौक. इथं 'कोर्ट' म्हणतात, पण पुण्याकडच्या माणसाला हा चौकांचा वाडाच वाटेल. फक्त मधली हिरवळ आपल्या अंगणासारखी वापरायची नाही. फोटोसाठी मी एक पाऊल टाकलं तोच लेक ओरडली, "बाबा, हिरवळ!" त्यावरून चालण्याचा मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांचा. पहिल्या चौकाची दक्षिणेकडची बाजू बाकीच्यांहून वेगळी, दगडी दिसते. 1770 च्या दशकात सगळा चौक नव्या चालीचा करायला घेतला होता, एक बाजू झाली आणि काम थांबलं. हे वाचून फार आपलेपणा वाटला.

उत्तरेला स्कॉटचं चॅपेल. जुनं चॅपेल पाडून ते बांधलं, आणि जुन्याच्या पायाची आखणी हिरवळीत अजून दिसते. मूळ नकाशात मनोरा नव्हताच, नुसता एक बारीक कळस होता. हेन्री होअर नावाच्या माजी विद्यार्थ्यानं मनोरा बांधत असाल तर दरवर्षी हजार पौंड देतो असा शब्द दिला, आणि काम सुरू झाल्यावर तो वारला. तीन हजार पौंड कमी पडले. मनोरा उभा राहिला 163 फुटांचा, पण घंटांविना. इथं मुंबईकराची मान थोडी ताठ होते. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं पैसे दिले म्हणून आपला टॉवर 280 फूट आहे, आणि घड्याळही आहे.

पुतळ्यांत मात्र खरी गंमत आहे. चॅपेलच्या बाहेरून कॉलेजचे नामवंत उभे केले आहेत. राजाबाईवर वर मान करून बघाल तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं दिसतील, आपापल्या पागोट्यांत. एकाच माणसाच्या दोन इमारती, पण तिकडे नाव असलेली माणसं कोरली आणि इकडे नमुने. इतकी वर्षं रोज बघूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसरा चौक 1598 ते 1602 मधला, मला सगळ्यांत आवडला. विटांचा रंग दुपारच्या उन्हात जुन्या तांब्यासारखा दिसतो. रँग्लर परांजपे इथल्याच फरश्यांवरून चालले असतील. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा 1899 मध्ये गणिताच्या परीक्षेत बरोबरीनं पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. आपल्याकडे ती पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की लहानपणी मला 'रँग्लर' हे त्यांचं पाळण्यातलं नाव वाटे. पुढे 1950 च्या दशकात मनमोहन सिंगही इथेच शिकले.

तिसरा चौक ओलांडला की नदी. इथं सगळे ब्रिज ऑफ साइज, म्हणजे उसाशांच्या पुलाच्या फोटोला धावतात. 1831 चा, झाकलेला, जाळीच्या खिडक्यांचा पूल. त्याचा फोटो त्याच्यावरून येत नाही, शेजारच्या जुन्या दगडी पुलावर जा. तिथूनच ग्रंथालयाच्या भिंतीवरचं 1624 हे सालही दिसतं. 1963 मध्ये काही विद्यार्थ्यांनी होड्यांवरून एक ऑस्टिन गाडी आणून रातोरात उसाशांच्या पुलाखाली टांगली होती. पलीकडच्या न्यू कोर्टला लग्नातला केक म्हणतात, आणि ते खरंच तसं दिसतं. तिथं फार वेळ घालवू नका.

नावेतून फिरायचं असेल तर भावात घासाघीस करा. आम्ही पहिला भाव ऐकून चालू लागलो, तर दहा पावलांत तो उतरला. गुडघे दुखत असतील तर चौकांतल्या गोट्यांच्या फरसबंदीसाठी जाड तळव्याचे बूट घाला.

आणि शक्य असेल तर सत्र चालू असताना जा. संध्याकाळची गायनप्रार्थना सगळ्यांना खुली असते, पैसे लागत नाहीत. सोमवार टाळा. वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं पोचा आणि आत बसल्यावर छताकडे बघा. लाकडी छतावर ख्रिस्ती शतकांतली माणसं ओळीनं रंगवली आहेत. ती दिव्यांच्या उजेडातच खुलतात, दुपारी नुसता काळोख दिसतो.

आम्ही रांगेत उभे असताना शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजचं घड्याळ वाजू लागलं. सवयीनं मोजत गेलो, बारा झाले. मनगटावर पाहिलं तर सहा. ते घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं, आधी खर्जात, मग वरच्या पट्टीत. इथले लोक म्हणतात, दुसरे ठोके सेंट जॉन्ससाठी.