कोर्टाबाहेरची कायद्याची कामे

कायद्याची पदवी घेतल्यावर मी दोन वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग वकिली सोडली. याचे कारण विचारणाऱ्यांना काहीतरी नाट्यमय ऐकायचे असते. प्रत्यक्षात मला उभे राहून युक्तिवाद करण्याचा कंटाळा होता आणि त्या युक्तिवादासाठी आदल्या रात्री कागद वाचण्याची गोडी होती, एवढेच. हे ध्यानात यायला दोन वर्षे लागली, कारण वकील, न्यायाधीश आणि प्राध्यापक या तीन वाटांपलीकडे काही असते असे शिकताना कोणी सांगितलेच नव्हते. आता नवे पदवीधर मला "वकिली नको, मग काय करू?" असे विचारतात, तेव्हा मी त्यांना पदांची यादी देत नाही. शिकताना किंवा उमेदवारीत कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, तेवढे आठवून सांगा, असे म्हणते.

माझ्या बाबतीत ते काम कागदाचे होते, म्हणून मी एका उत्पादक कंपनीच्या करार विभागात लागले. पहिल्याच महिन्यात पुरवठ्याचा एक करार तपासायला आला. सुपूर्दगीपासून सात दिवसांत खरेदीदाराने मालाची तपासणी करून दोष कळवावेत, अन्यथा माल स्वीकारला असे मानले जाईल, असे त्यात एक कलम होते. वाचायला ते अगदी सरळ वाटत होते. मात्र दोन पाने मागे, व्याख्यांच्या यादीत, सुपूर्दगी म्हणजे माल जहाजावर चढवणे असे लिहिलेले होते आणि जहाजाला पोचायला एकोणीस दिवस लागणार होते; म्हणजे माल समुद्रात असतानाच आम्ही तो बिनतक्रार स्वीकारला असे ठरले असते. हे शोधायला फार मोठी बुद्धी लागत नाही. खरेदी विभागातली माणसे व्यवहार पार पडेल असे धरून करार वाचतात, तर कायदा शिकलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यापाशी थांबून "आणि बिनसले तर?" असे विचारायची खोड लागलेली असते. न्यायालयाबाहेर पगार मिळतो तो बहुतेक वेळा या खोडीचा.

ज्यांची दोन भाषांवर पक्की पकड आहे, त्यांनी कायदेविषयक भाषांतराचा विचार जरूर करावा. कॅनडात रॉजर्स आणि अलायंट या दोन कंपन्यांमध्ये खांबांवरून केबल नेण्याच्या करारावरून वाद झाला होता. करार पाच वर्षांचा होता, पुढे आणखी पाच-पाच वर्षांच्या मुदतींची तरतूद होती आणि एक वर्षाची सूचना देऊन तो संपवण्याची मुभा होती. ही मुभा पहिल्या पाच वर्षांतही आहे की फक्त नंतरच्या मुदतींत, हा प्रश्न इंग्रजी मसुद्यातल्या एका स्वल्पविरामावर येऊन ठेपला. 2006 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने तो स्वल्पविराम प्रमाण मानून, पहिल्या पाच वर्षांतच करार संपवू पाहणाऱ्या अलायंटच्या बाजूने निर्णय दिला आणि 2007 मध्ये त्याच नमुना कराराच्या फ्रेंच पाठाच्या आधारे तो फिरवला. फ्रेंच वाक्यात संदिग्धतेला जागाच नव्हती. ते वाक्य लिहिणाऱ्याने वकिलीचा झगा कधी घातला असो वा नसो, दोन कंपन्यांच्या वकिलांच्या फौजांपेक्षा त्याचेच काम निर्णायक ठरले. युरोपीय संघात 24 अधिकृत भाषा आहेत आणि तिथल्या न्यायालयात भाषांतराचे काम कायद्याची पदवी असलेल्या भाषातज्ज्ञांकडेच असते.

दुसरा मोठा प्रांत म्हणजे नियमपालन, जोखीम आणि विमा. हे काम रुक्ष समजले जाते आणि काही अंशी ते तसे आहेही. तरीही फ्रान्झ काफ्का यांचे उदाहरण मला नेहमी आठवते, तेही लेखक म्हणून नव्हे, नोकरदार म्हणून. 1906 मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतलेले काफ्का 1908 पासून 1922 पर्यंत प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत होते. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांच्या चौकोनी दंडामुळे कामगारांची बोटे कशी तुटतात आणि गोल दंड बसवल्यास ती कशी वाचतात, हे त्यांनी संस्थेच्या अहवालात आकृत्या काढून दाखवले. नुकसानभरपाईचा दावा लढवण्याऐवजी दावा उद्भवूच नये यासाठी लिहिणे, हाही कायद्याचाच उपयोग आहे.

आज याच जातीचे काम माहिती-संरक्षण अधिकाऱ्याचे आहे. 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीने अनेक संस्थांना असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याला या कायद्याचे सखोल ज्ञान हवे, पण तो वकीलच असावा अशी अट नाही. माहिती फुटल्याचे कळल्यावर साधारणपणे 72 तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते आणि त्या तीन दिवसांत संगणक विभागाचे बोलणे समजून ते कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस लागतो. तांत्रिक शब्दांची भीती नसेल तर नवशिक्यांसाठी ही वाट मला सर्वांत मोकळी वाटते.

मध्यस्थीबद्दल मात्र हात राखून बोलते. 2019 मध्ये सिंगापूरच्या करारावर पहिल्याच दिवशी 46 देशांनी सह्या केल्या, त्यामुळे मध्यस्थीने झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी तडजोडींना वजन आले हे खरे. पण भांडणारी माणसे मध्यस्थ निवडताना अनुभव पाहतात आणि पंचविशीतल्या पदवीधराला प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर काम मिळत नाही. तो मधल्या वयातला व्यवसाय आहे.

वाट बदलण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. काही देशांत पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते आणि परतताना पुन्हा प्रक्रिया असते. ते नियम स्वतः वाचावेत, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. शिवाय पहिली दोन-तीन वर्षे हुद्दा ऐकून घरच्यांना नेमके काय करता ते समजत नाही, त्याचीही सवय करावी लागते.

आमच्या विभागात उमेदवार आले की मी गुणपत्रिकेआधी त्यांनी स्वतः वाचलेला एखादा कागद मागते. गेल्या खेपेला एका मुलीने आपल्याच खोलीच्या भाडेकराराची प्रत आणली होती. त्यावर पेन्सिलीच्या तीन खुणा होत्या. पहिल्या दोन मी स्वतःही केल्या असत्या. तिसरी का केली, हे तिला विचारावे लागले.