छापील पत्रकापासून अ‍ॅपपर्यंत : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय मुळात छपाईचा. पत्रके, माहितीपुस्तिका, वेष्टने आणि प्रदर्शनातील फलक यांची मांडणी करून ते छापून देणे हे आमचे काम, आणि मोबाइल अ‍ॅपशी आमचा संबंध आला तो ग्राहकांमुळे. पत्रकाच्या तळाशी ‘आमचे अ‍ॅप डाउनलोड करा’ ही ओळ आणि शेजारी दोन्ही स्टोअरची चिन्हे एवढेच ते छापून घेत असत. वाचणाऱ्याने मोबाइल काढावा, स्टोअर उघडावे, अ‍ॅपचे नाव बिनचूक टाइप करावे आणि मिळत्याजुळत्या नावांच्या गर्दीतून नेमके तेच निवडावे, इतकी मोठी अपेक्षा त्या एका ओळीवर टाकलेली असे. यातल्या शक्य तेवढ्या पायऱ्या कमी करणे हे छपाई करणाऱ्याचेही काम आहे, असे आम्ही मानले आणि क्यूआर कोडकडे वळलो.

हा कोड काही नवा नव्हता. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ साली जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला आणि पेटंट असूनही तो सर्वांना वापरू दिला. मात्र बराच काळ तो वाचण्यासाठी अनेक मोबाइलवर वेगळे अ‍ॅप घ्यावे लागे, म्हणजे एक अ‍ॅप मिळवण्यासाठी आधी दुसरे. २०१७ साली आयओएस ११ आल्यावर आयफोनचा कॅमेराच कोड वाचू लागला, अँड्रॉइडवरही ती सोय रुळली आणि आमच्याकडची मागणी वाढली.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय छपाईचा नसून कोडात भरायच्या वेब पत्त्याचा असतो, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सुरुवातीलाच सांगतो. अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी एक असे दोन कोड शेजारी छापले, तर कॅमेरा कोणता पकडेल याचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही एकच कोड छापतो. त्यात ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवरचा एक छोटा पत्ता असतो, आणि आलेला माणूस कोणत्या मोबाइलवरून आला आहे ते पाहून सर्व्हर त्याला प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवर पाठवतो. ज्याच्याकडे अ‍ॅप आधीच आहे त्याच्या मोबाइलवर ते थेट उघडेल, अशी जोडणीही त्याच पत्त्यावर करता येते. अ‍ॅपचे स्टोअरमधील पान बदलले, तरी छापलेला कोड तसाच चालू राहतो.

पत्ता स्वतःच्या डोमेनवरचाच असावा, हा आमचा आग्रह अनुभवातून आलेला आहे. एका ग्राहकाने आमच्याकडे येण्यापूर्वी फुकट कोड बनवून देणाऱ्या एका सेवेतून कोड घेतले होते. चाचणीची मुदत संपताच ते सेवेच्या जाहिरातीच्या पानावर जाऊ लागले, आणि तोवर माल दुकानांत पोहोचला होता. मोठ्या कंपनीची सेवा घेतली म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. गूगलची फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही याच कामासाठी सर्रास वापरली जाणारी सेवा २५ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. संकेतस्थळावरची लिंक घटकाभरात बदलता येते, पण छापून बाहेर पडलेला कागद परत बोलावता येत नाही.

पत्ता छोटा ठेवण्यामागे छपाईचेही कारण आहे. कोडातील बारीक चौकोनांची संख्या मजकुराच्या लांबीप्रमाणे एका बाजूला २१ पासून १७७ पर्यंत वाढत जाते. लांबलचक पत्ता लहानशा लेबलावर बसवला की एकेक चौकोन इतका बारीक होतो की शाई किंचित पसरली तरी कडा एकमेकींत मिसळतात. इंग्रजी पत्ता सगळा मोठ्या अक्षरांत लिहिल्यास कोड कमी जागेत मावतो. मात्र डोमेननंतरच्या भागात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सर्व्हर मानू शकतो, म्हणून तशी व्यवस्था आधी करून घ्यावी लागते.

कोडाच्या मधोमध बोधचिन्ह हवे, ही मागणी जवळजवळ प्रत्येक ग्राहक करतो. खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय कोडातच असते आणि तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, त्यामुळे हे शक्य असते. पण ही राखीव ताकद चुरगळण्यासाठी, डागांसाठी आणि ओरखड्यांसाठी आहे. ती बोधचिन्हावर आधीच खर्च केली, तर प्रवासात घासल्या जाणाऱ्या खोक्यावर तिची उणीव भासते. आम्ही बोधचिन्ह शेजारी ठेवायला सुचवतो.

छपाईला जाण्यापूर्वीचे प्रूफ आम्ही प्रत्यक्ष कागदावर, प्रत्यक्ष आकारात काढून घेतो आणि ठरलेल्या लॅमिनेशनसह घडी घालून तपासतो. कोड घडीवर येत नाही ना, भोवती चार चौकोनांइतकी पांढरी जागा चारही बाजूंनी सुटली आहे ना, चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडल्यावर कोपऱ्यातील तीन मोठे चौकोन दिसतात ना, हे पाहताना नव्या मोबाइलबरोबर एक जुना, मंद कॅमेऱ्याचा मोबाइलही हाताशी असतो. काळा रंग फक्त काळ्या शाईचा घेतो, कारण चार शाया मिळून केलेल्या काळ्यात एखादी शाई केसभर सरकली तरी कडा धूसर होतात. जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या साधारण एकदशांश रुंदीचा कोड, हा ढोबळ हिशेब फलकांसाठी उपयोगी पडतो.

प्रत्येक छापील वस्तूला आम्ही वेगळा पत्ता देतो, म्हणजे कोणत्या वस्तूवरून किती स्कॅन झाले ते कळते. स्कॅन झाले म्हणजे डाउनलोड झाले असे नव्हे, त्यामुळे प्ले स्टोअरच्या लिंकमध्ये रेफरर (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) आणि अ‍ॅप स्टोअरच्या लिंकमध्ये मोहिमेची खूण जोडून स्कॅन आणि डाउनलोड यांतील तफावत पाहावी लागते. आमचे स्पष्ट मत असे झाले आहे की कोडाच्या जागेइतकेच त्याच्या वरच्या ओळीला महत्त्व आहे. ‘अ‍ॅप डाउनलोड करा’ यात वाचणाऱ्याचा फायदा दिसत नाही. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘वॉरंटीची नोंद येथे करा’ असे लिहिले, तर वस्तू हातात घेतलेल्या माणसाला कोड उघडण्याचे कारण मिळते. वाहनचालकांसमोरच्या मोठ्या फलकावर मात्र आम्ही कोड सुचवतच नाही. चालत्या गाडीतून तो वाचायला लावणे धोक्याचे आहे.

सार्वजनिक जागी लावलेल्या कोडावर कोणी दुसराच कोड चिकटवून लोकांना फसव्या पानावर नेऊ शकते. म्हणून कोडाखाली पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापतो, म्हणजे मोबाइलवर दिसणारा पत्ता ताडून पाहता येतो, आणि असे फलक अधूनमधून तपासण्याची जबाबदारी कोणाची हे ग्राहकाशी आधीच ठरवून घेतो.

कोणता पत्ता कोणत्या वस्तूवर, कोणत्या छपाईत गेला आणि सध्या कुठे नेतो, याची नोंदवही आम्ही ठेवतो. ग्राहकाने पुढे छपाई दुसरीकडून करून घेतली, तरी ही नोंदवही आणि डोमेनचा ताबा त्याच्याकडेच राहील, हे आम्ही कामाच्या आरंभीच लिहून देतो.