बियाण्यात औषध नसतं, आप्पा

दिवाळीनंतर चार दिवस माहेरी होते, पारोळा तालुक्यात. आमचं शेत बोरी नदीच्या अलीकडे, सगळी कोरडवाहू कपाशी. दुसरी वेचणी चालली होती. आप्पांनी एक बोंड फोडून माझ्यापुढे धरलं. आत गुलाबी आळी, सरकी पोखरलेली, कापसाची पार कवडी झालेली.

"बियामा औषध शे ना? मंग हाई आळी कशी काय शे, माय? तू शिकाडस ना पोरेस्ले, माले सांग."

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रथिन कसं बनतं हा धडा दरवर्षी फळ्यावर घेते, पण तो आमच्याच बांधावर उभा आहे हे आप्पांना कधी सांगितलं नव्हतं. तिथेच बांधावर बसलो आणि सांगायला सुरुवात केली.

पाकिटातल्या बियाण्याला जो रंग असतो, तो वरून चोळलेल्या औषधाचा. ते मावा-तुडतुड्यांसाठी. बोंडअळीसाठी बियाण्यात कुठलंही औषध भरलेलं नसतं. तिथे असते फक्त एक सूचना. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (थोडक्यात 'बीटी') नावाच्या जिवाणूकडे एक जीन आहे, म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला डीएनएचा एक लांब मजकूर. बोंडअळीला मारणारं 'क्राय-१-एसी' हे प्रथिन कसं बांधायचं एवढंच त्यात लिहिलंय. तो मजकूर कपाशीच्या डीएनएत बसवला आणि २००२ मध्ये आपल्याकडे त्या कपाशीला परवानगी मिळाली. प्रथिन मात्र झाडाला स्वतःच घडवावं लागतं, रोज, पानापानात.

"कसं घडवते?"

आप्पांनी आयुष्यभर तलाठ्याच्या खेपा घातल्यात, म्हणून तेच उदाहरण दिलं. मूळ दप्तर कचेरीतून कधी बाहेर येत नाही, आपल्या हाती पडते ती नक्कल. पेशीतही डीएनए केंद्रकात राहतो आणि हव्या त्या जीनची तेवढी नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिच्यात टीच्या जागी यू असतो, बाकी मजकूर तोच. ही नक्कल टिकाऊ नसते. काम झालं की पेशी ती मोडून टाकते. म्हणून प्रथिन किती बनणार, हे नकला किती निघतात आणि किती वेळ टिकतात यावरही ठरतं. हे पुढे आप्पांच्या प्रश्नाला लागणार होतं.

केंद्रकाबाहेर ती नक्कल रायबोसोमच्या हाती पडते आणि तो ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल. त्या त्या शब्दाला जुळणारं अमिनो आम्ल वाहून आणायला वेगळे छोटे आरएनए असतात. ते एकेक आणून देतात, रायबोसोम माळेत जोडत जातो. एयूजी आलं की सुरुवात. असे एकूण ६४ शब्द आहेत. ६१ अमिनो आम्लांचे, उरलेले ३ म्हणजे 'थांब'. कोणत्या शब्दाला कोणतं अमिनो आम्ल हे उलगडताना हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत स्वतः बांधले. १९६८ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. क्राय-१-एसीची माळ ११७८ अमिनो आम्लांची आहे. आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींत रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा जोडतो, म्हणजे एक माळ तीन-चार मिनिटांत तयार. आमच्या चहाला चुलीवर उकळी यायला याहून जास्त वेळ लागतो.

वर्गात मी फळ्यावर 'कमळ गवत मगर बदक' लिहिते आणि गवतातला ग पुसून पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचायला सांगते. 'कमळ वतम गरब दक.' एकच अक्षर गेलं आणि तिथून पुढचं सगळं बिनअर्थाचं झालं. आप्पांना मी हे मातीत काडीने लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. जिवाणू आणि कपाशी यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, तरी दोघांची बाराखडी एकच. जिवाणूचा मजकूर कपाशीला वाचता येतो. फक्त त्या मजकुरात ए आणि टी फार, त्यामुळे वनस्पतीत तो नीट उतरत नव्हता, प्रथिन नावापुरतं बनायचं. मग शास्त्रज्ञांनी तो नव्याने लिहिला. एकट्या ल्युसीनसाठीच सहा शब्द आहेत. वनस्पतीला रुळलेले शब्द निवडले, अक्षरं बदलली, माळ तीच ठेवली. आणि 'हे सगळीकडे, सतत बनव' असं सांगणारा तुकडा फुलकोबीच्या एका विषाणूकडून घेतला.

आळीने पान खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्यात जातं. तिथला रस अल्कधर्मी. त्यात ते कापलं जातं, आतड्याच्या अस्तरावरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि अस्तराला भोकं पडतात. आळीचं खाणं थांबतं, ती मरते.

"मंग हाई का नही मरनी?"

एक कारण झाडातच आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली: प्रथिन पानांत सर्वांत जास्त, पात्यांत (म्हणजे कळ्यांत), फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत अपुरं, शिवाय झाडाचं वय वाढेल तसं कमी कमी होत जातं. गुलाबी आळी नेमकी बोंडात शिरते, तीही उशिरा.

दुसरं कारण सरकीत. आपलं बियाणं संकरित आहे, जीन एकाच पालकाकडून आलेला. बोंडातल्या सरक्या ही पुढची पिढी. एका जीनपुरतं बोलायचं तर सरासरी चारातल्या एका सरकीत तो नसतोच. आळी ती सरकी खाऊन जगते, आणि थोडं थोडं विष पचवणाऱ्या आळ्यांची संख्या पिढीगणिक वाढत जाते.

तिसरं कारण आळीच्या पेशीत, आणि इथे माझा धडाच मला पुन्हा भेटला. केंद्रकात नक्कल निघाली की तिच्यातले मधले तुकडे कापून उरलेलं जोडावं लागतं. भारतातल्या न मरणाऱ्या गुलाबी आळ्यांमध्ये कॅडहेरिनच्या नकला हर तऱ्हेने चुकीच्या जोडलेल्या सापडल्या. २०१४ मध्ये ते संशोधन छापून आलं. कितीतरी नकलांत 'थांब' मध्येच येतो, कॅडहेरिन अर्धवट राहतं. ज्या प्रथिनाला विष चिकटायचं, तेच धड उरत नाही. २००६ पासून दुसरा जीन, क्राय-२-एबी, जोडीला आला होता. पुढे गुलाबी आळी त्यालाही पुरून उरली. २०१७ च्या हंगामात डोमकळ्या, म्हणजे आळीने आतून गुंडाळल्यामुळे न उमललेली फुलं, बघून आप्पा दोन दिवस शेतात गेले नव्हते, ते मला आठवतं.

पाकिटासोबत यायची ती नॉन-बीटीची, म्हणजे हा जीन नसलेल्या बियाण्याची, छोटी पुडी बांधाला का पेरायची, हे तेव्हा कोणी समजावून सांगितलं असतं तर आप्पांनी नक्की पेरली असती. तिच्यावर वाढलेल्या आळ्यांच्या कॅडहेरिनला काही झालेलं नसतं, आणि त्यांचे पतंग बाकीच्यांशी जोडी जमवतात. पिल्लांना एका बाजूने तरी कॅडहेरिनचा धड जीन मिळतो, म्हणून चुकीच्या नकला लवकर पसरत नाहीत. पुडीवर हे चार ओळींत छापता आलं असतं. मला याचा खरंच राग आहे.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एका चांगल्या बोंडातल्या चार सरक्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"हाईमा कोणती बिगरजीननी?"

बाहेरून ओळखता येत नाही, म्हटलं. चारही सारख्याच दिसतात.

त्यांनी सरक्या परत घेतल्या, खिशात टाकल्या. संध्याकाळी गाडीत बसताना सांगितलं की यंदा फरदड ठेवणार नाही, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणार नाही, डिसेंबरातच पऱ्हाटी उपटणार. उशिराचं बोंडच राहिलं नाही तर ती खाईल काय?