दोन तासांत औषधाचं कसं कळतं?

जत, आटपाडीकडून मिरजेला तपासणीसाठी येणाऱ्या पेशंटचे नातेवाईक रिपोर्ट हातात पडला की हमखास विचारतात: "टीबीचे जंतू वाढवून त्यावर औषध घालून बघायचं तर कित्येक आठवडे लागतात. मग सीबीनॅटला दोन तासांत 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स' कसा कळतो?" तेच सांगतो. सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी. 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स' म्हणजे रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतूने दाद न देणं.

सीबीनॅट औषध घालून बघतच नाही. रिफॅम्पिसिन जंतूच्या ज्या प्रथिनाला धरतं, त्याचा जीन (ते प्रथिन बनवायची कृती लिहिलेला डीएनएचा भाग) म्हणजे आरपीओबी. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की औषधाला पकड मिळत नाही. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये बदल याच पट्ट्यात असतो.

या पट्ट्यासाठी सीबीनॅटच्या कार्ट्रिजमध्ये (नमुना घालून यंत्रात ठेवायच्या डबीत) पाच प्रोब असतात. प्रोब म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला डीएनएचा एकेरी तुकडा. ए समोर टी, जी समोर सी अशी जोडी जुळली तरच तो बसतो. हे प्रोब केसांच्या आकड्यासारखे दुमडलेले असतात. एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा. दुमडलेलं असेपर्यंत दोघं शेजारी, म्हणून अंधार. जोडी सापडली की आकडा उलगडतो, टोकं लांब जातात, चमक दिसते. एक अक्षर जरी चुकलं तरी जोडीची ओढ कमी पडते आणि आकडा मिटलेलाच राहतो. साधा सरळ प्रोब एका अक्षराला इतका काटेकोर नसतो, खरी करामत या ओढाताणीत आहे. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर या शास्त्रज्ञांनी ही रचना १९९६ मध्ये मांडली.

म्हणजे रेझिस्टन्स ओळखला जातो तो न पेटलेल्या दिव्यावरून. एखादा प्रोब पेटलाच नाही, किंवा पहिला आणि शेवटचा पेटण्यात चारपेक्षा जास्त सायकलचं (सायकल म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची एक फेरी) अंतर पडलं, की 'रेझिस्टन्स डिटेक्टेड'. नमुन्यात जंतू फार थोडे असतील तर प्रोब आधीच उशिरा पेटतात आणि हे अंतर उगाच वाढू शकतं. म्हणून 'व्हेरी लो' आणि 'रेझिस्टन्स' एकत्र दिसले तर दुसरा नमुना द्याच. क्वचित अक्षर बदलतं पण प्रथिन बदलत नाही. तिथे औषध लागू पडत असूनही प्रोब बसत नाही.

आता नमुना. थुंकी नको, बेडका हवा. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला, किमान २ मिली, अन्नाचे कण नसलेला. गावाहून आणायचा तर थंड डब्यातून. प्रयोगशाळेत त्यात दुप्पट रिएजंट (बेडका पातळ करणारं रसायन) घालून जोरात हलवतात, १५ मिनिटं ठेवतात, मध्ये एकदा परत हलवतात. मग २ मिली कार्ट्रिजमध्ये. इथे घाई झाली आणि चिकट गुठळ्या राहिल्या की आत दाब वाढून 'एरर' येतो. 'इनव्हॅलिड' वेगळं: कार्ट्रिजमधल्या कंट्रोल जंतूंचा (तपासणी नीट चालली का हे कळायला मुद्दाम घातलेल्या) प्रोबसुद्धा पेटला नाही, बहुधा नमुन्यातलं रक्त किंवा आणखी काही पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला) अडवतंय. त्याचा अर्थ 'टीबी नाही' असा मुळीच काढू नका.

आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल हे कार्ट्रिज काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी, लाइन प्रोब अ‍ॅसे. पट्टीवर चिकटवलेले प्रोब आयसोनियाझिडशी संबंधित कॅटजी आणि आयएनएचए हे जीनही तपासतात; जोडी जुळली तिथे रेघ उमटते. सगळा खेळ ४५ अंशांचा: तापमान घसरलं तर न जुळणारे तुकडेही चिकटून नको त्या रेघा उमटतात, चढलं तर खऱ्या रेघाही फिक्या पडतात.

आणि औषध चालू असताना गुण येतोय का हे बघायला सीबीनॅट मागू नका. प्रोबला मेलेल्या जंतूचा डीएनएही चालतो. त्यासाठी स्मिअर (बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून बघणं) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) हेच.