ड्रॅगनच्या पाठीवर कोण बसणार?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू टेबलाभोवती बसून शूरवीरांची सोंगे घेतात आणि एक जण खेळ चालवत बाकी सगळ्या पात्रांच्या वतीने बोलतो. त्याच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक प्राण्याच्या बुद्धीला एक आकडा दिलेला असतो. सामान्य माणसाला १०, घोड्याला २ आणि हत्तीला ३. हत्तीवर हा उघड अन्याय आहे, पण ते भांडण पुन्हा कधीतरी. प्राचीन लाल ड्रॅगनच्या नावापुढे मात्र १८ लिहिलेले असते, आणि प्राचीन म्हणवून घेण्यासाठी त्याने वयाची आठशे वर्षे ओलांडलेली असावी लागतात. ज्याच्या बुद्धीपुढे आपल्यातले बहुतेक जण ढ ठरतील आणि ज्याच्या लेखी आपले सगळे आयुष्य दोन झोपांमधल्या जागेपणाएवढे असेल, अशा जिवाच्या पाठीवर मांड ठोकण्याची हौस मात्र जवळजवळ प्रत्येक खेळाडूला असते.

नाशिकमध्ये इंदिरानगरला माझ्या भाच्याच्या घरी रविवारी दुपारी हा खेळ रंगतो आणि मी चिवड्याच्या निमित्ताने तिथे बसून राहतो. एकदा त्यांच्यातल्या एका शूरवीराने, सीबीएस बसस्थानकाला जायला रिक्षा ठरवावी तशा सुरात, समोरच्या ड्रॅगनला “आम्हाला त्या डोंगरापलीकडे सोड” असे सांगितले. खेळ चालवणारी मुलगी शांतपणे ड्रॅगनच्या आवाजात म्हणाली, “सोडीन की. पण मला त्यात काय मिळणार?” शूरवीराचा हात चिवड्याच्या वाडग्यातच थांबला. मग त्याने तेलकट बोटे पँटला पुसली आणि वीस बाजूंचा फासा उचलला, कारण मन वळवायचे तर फासा टाकायचा, असा त्यांचा रिवाज आहे. मुलीने त्याला फासा खाली ठेवायला लावला आणि आधी उत्तर मागितले. मला ते फार आवडले. घासाघीस फाशावर सोडता येते, पण ज्याला देण्यासारखे आपल्याकडे काहीच नाही त्याची पाठ केवळ नशिबाने मिळावी, हे काही मनाला पटत नाही.

खेळाचे नियमही तिच्याच बाजूचे आहेत. घोड्यावर बसलेला वीर घोड्याला हवे तसे चालवू शकतो. ड्रॅगनसारखा बुद्धिमान प्राणी मात्र पाठीवर कोणी बसले तरी आपल्याच मर्जीने वागतो, असे पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे. १९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा एवढा शहाणपणा नव्हता. तेव्हा ड्रॅगनला ठार न मारता मारून मारून नमवण्याची आणि नमलेला ड्रॅगन चक्क विकण्याची सोय नियमांत होती. तसा बाजारात उभा केलेला ड्रॅगन मला ड्रॅगन वाटतच नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल महाभारताच्या आदिपर्वातच लागलेला आहे. गरुडाची आई विनता कद्रूची दासी झालेली असते, म्हणून कद्रूच्या सर्पपुत्रांना पाठीवर वाहून नेण्याचे काम गरुडावर येते. तो त्यांना घेऊन सूर्याच्या दिशेने इतका उंच उडतो की ते होरपळून बेशुद्ध पडतात; कद्रूला इंद्राची करुणा भाकून पाऊस मागवावा लागतो. या सापांची आज्ञा मी का पाळायची, हा त्याचा आईला विचारलेला प्रश्न प्रत्येक ड्रॅगनच्या तोंडी शोभावा असा आहे. पुढे हाच गरुड अमृत घेऊन येताना त्यातला थेंबही चाखत नाही आणि त्यामुळे प्रसन्न झालेला विष्णू त्याला वर देऊ करतो. गरुड मागतो काय, तर मी सदैव तुझ्या वर असावे आणि अमृत न पिताही अमर व्हावे. ते मिळाल्यावर तो उलट विष्णूलाच वर देऊ करतो, आणि तेव्हा कुठे विष्णू त्याला आपले वाहन होण्याची विनंती करून ध्वजावर स्थान देतो. प्रत्यक्ष विष्णूलासुद्धा ती पाठ मागून घ्यावी लागली, तर कालपरवा चिलखत चढवलेल्या शूरवीराची काय कथा!

आणि आम्हा नाशिककरांना तर दूर जायलाच नको. गरुडाचा पुतण्या जटायू रामाला भेटला तो पंचवटीच्या वाटेवर. मी तुझ्या वडिलांचा मित्र, असे सांगून त्याने सीतेच्या रक्षणाची जबाबदारी आपणहून घेतली. साठ हजार वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने रावणाशी झुंज घेतली, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला अशी श्रद्धा आहे, पण त्याच्या पाठीवर बसून लंकेला जाण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. सोबत असणे आणि स्वार होणे यांत एवढे अंतर आहे.

तरीही ड्रॅगन स्वार पत्करेल, असे मला वाटते. फक्त त्याचे कारण त्याच्या बाजूचे असेल. एवढ्या प्रचंड देहाला शहराच्या वेशीतून आत जाता येत नाही, सराफाकडे नाणी पारखून घेता येत नाहीत, राजाच्या दरबारात खलिता पोचवता येत नाही. त्यासाठी एखादा चुणचुणीत माणूस पदरी ठेवणे त्याला सोयीचे पडेल, आणि त्याला कामाच्या ठिकाणी नेऊन सोडण्यासाठी पाठीवर घेण्यातही कमीपणा वाटणार नाही. गावातले लोक त्या माणसाला ड्रॅगनचा स्वामी म्हणतील. ड्रॅगन त्याला आपला कारकून समजेल.

त्यातल्या त्यात चंदेरी ड्रॅगनकडे शब्द टाकून पाहावा. त्याला माणसांची संगत आवडते, आणि मनुष्यरूप घेऊन तो त्यांच्यात वर्षानुवर्षे राहतोसुद्धा. पण मग मुक्कामाच्या गावी उतरल्यावर त्याला तबेल्यात बांधता येणार नाही. धर्मशाळेत त्याच्यासाठी वेगळी खोली घ्यावी लागेल, जेवायला तो आपल्याच पंगतीला बसेल, आणि दिवसभर उडून आलेला असल्यामुळे वाढप्याला दोनदा मागे बोलावील.