हे टिकतं का?

समुद्री शेवाळाच्या लॅम्पशेड मी प्रदर्शनात मांडते. लोक हात लावून बघतात, वास घेतात, आणि मग हमखास विचारतात, "पण हे टिकतं का हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शेवाळ म्हणजे त्यातून काढलेलं अगर-अगर, आपलं चायना ग्रास. पाणी आणि ग्लिसरीन घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, काचेवर ओतायचं, चार-पाच दिवस वाळू द्यायचं. वाळताना पापुद्रा आक्रसतो, कडा काच सोडून वर येतात. उजेडात धरला तर कांद्याच्या सालीसारखा दिसतो. पावसाळ्यात मात्र चिकट होतो. गेल्या जुलैत बारा शेडना बुरशी आली, त्या कुंड्यांमध्ये गेल्या. विकताना हे सगळं मी सांगते.

पण किती टिकायला हवं, हेही ठरवायला हवं ना? 2014 साली न्यूयॉर्कमध्ये, मोमा पीएस1 या कलासंग्रहालयाच्या अंगणात, वास्तुरचनाकार डेव्हिड बेंजामिन यांच्या स्टुडिओने 'हाय-फाय' हा मनोरा उभारला. सुमारे 10,000 विटा, बहुतेक मक्याच्या चिरलेल्या धाटांत बुरशीचं जाळं वाढवून केलेल्या. उन्हाळा सरला, मनोरा उतरवला, विटांचं खत झालं. उलट वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे आहेत, असं राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई या संशोधकांनी 2016 साली दाखवलं. हजारावर वर्षं झाली, तो गिलावा अजून आहे. दोन्हीकडे माल शेतारानातलाच.

आमची आजी जुन्या वह्या भिजवून, त्यात मेथ्यांचं पीठ कालवून सुपं-पाट्या लिंपायची. पोपडे निघाले की पुन्हा लिंपायची. सूप टिकेल का, असं तिला कुणी विचारलं नाही. ते अधूनमधून लिंपावं लागतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के आपण टिकाऊ मानतो त्या एकट्या सिमेंटचा. माझ्या शेडने त्यात रतीभरही फरक पडत नाही, तसा माझा दावाही नाही. मला वस्तूशी असलेलं ते लिंपण्याचं नातं परत हवंय, आणि ते हातात वस्तू दिल्याशिवाय समजावता येत नाही.

अगर तापवलं की पुन्हा विरघळतं. म्हणून प्रत्येक शेडसोबत चिठ्ठी देते: वाकली, फाटली, तर परत आणा, पुन्हा ओतून देईन. आतापर्यंत तीन परत आल्यात. एक सध्या काचेवर वाळतेय.