आमची वाटचाल : ईपीएबीएक्सच्या पेटीपासून कुलूपबंद इंटरनेट फोनपर्यंत

आमच्या फर्मचं काम नाशिकच्या सातपूर आणि अंबड वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांना टेलिफोन बसवून देण्यापासून सुरू झालं. तेव्हा सगळा संच डोळ्यांना दिसायचा. भिंतीवर ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची पेटी, तिच्या शेजारी तारा जोडायच्या पट्ट्या, म्हणजे क्रोनचे मोड्यूल आणि तिथून टेबलाटेबलापर्यंत गेलेली दोन तारांची जोडी. पेटीच्या खोलीला कुलूप आणि एसटीडी-आयएसडीला कोड, एवढ्यावर सुरक्षेचा विषय मिटायचा. लाइन चोरायची तर चोराला तारेपर्यंत यावंच लागायचं.

इंटरनेट फोनने ती अट काढून टाकली. सिप सर्व्हर (इंटरनेटवरचे कॉल जोडून देणारा संगणक) उघड्या आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवर कुणालाही पोचता येईल अशा पत्त्यावर, नेहमीच्या ५०६० पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) लावून ठेवा. थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. पलीकडे माणूस नसतो, प्रोग्राम असतो. तो १००, १०१, १०२ अशी एक्स्टेन्शन्स (ऑफिसातले आतले नंबर) क्रमाने विचारत जातो. असलेल्या आणि नसलेल्या एक्स्टेन्शनला सर्व्हरने वेगवेगळं उत्तर दिलं, की अर्धं काम तिथेच झालं. उरलेलं अर्धं काम बहुतेकदा आपणच करून ठेवलेलं असतं, कारण एक्स्टेन्शन १०४ चा पासवर्डही १०४ असतो. ॲस्टेरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये दोन्ही वेळी सारखंच नकाराचं उत्तर देण्याची सोय आहे. ती चालू आहे ना, हे आम्ही सर्वांत आधी पाहतो.

अशा फसवणुकीचा कॉल रेकॉर्ड एकदा नीट वाचला की त्याची चाल कायमची ओळखू येते. वेळ शनिवारची मध्यरात्र. एकाच एक्स्टेन्शनवरून एकाच वेळी तीन-चार कॉल, ज्या देशाशी कंपनीचा काडीचा संबंध नाही तिथल्या नंबरांवर. प्रत्येक कॉल लांबलचक, आणि दोन्ही बाजूंना बोलणारं कोणी नाही. ते नंबर महागड्या दराचे असतात. मिनिटामागे मिळणाऱ्या रकमेतला वाटा नंबर चालवणाऱ्याला जातो. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत तीसहून जास्त तास मोकळे मिळतात, म्हणून शनिवार.

यावरचा सर्वांत भक्कम उपाय सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला असतो, आणि सेवा निवडताना आमचा पहिला प्रश्न तोच. आयएसडी तुमच्याकडून बंद करून मिळेल का? एका वेळच्या कॉलची संख्या बांधून मिळेल का? दिवसाच्या खर्चाला मर्यादा घालता येईल का? आपल्या सर्व्हरवरची बंदी पुरत नाही, कारण ज्याच्या हाती सर्व्हर लागला तो तीही उठवतो. पलीकडच्या बाजूची बंदी त्याला उठवता येत नाही. ट्रंक, म्हणजे सेवा देणाऱ्याकडून आपल्या सर्व्हरपर्यंतची जोडणी, आपल्या स्थिर (न बदलणाऱ्या) आयपीशी बांधून मिळाली तर फारच उत्तम, कारण मग पासवर्ड फुटला तरी दुसऱ्या पत्त्यावरून कॉल लागत नाही. आपल्या बाजूला एवढं हवंच: २० अक्षरांचा, कुणालाही तोंडपाठ न होणारा पासवर्ड, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर त्या आयपीवर बंदी, आणि ऑफिसबाहेरच्या नंबरावर कॉल फॉरवर्ड करण्याची सोय गरज असेल त्यांनाच. व्हॉइसमेलचा चार आकडी पिन बदलायला लोक विसरतात. बाहेरून व्हॉइसमेलमध्ये शिरून तिथून पुढे कॉल लावता येत असेल, तर पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं आहे.

दुसरी पायरी एन्क्रिप्शनची, म्हणजे वाटेत कुणाला वाचता-ऐकता येऊ नये म्हणून कॉल कुलूपबंद करण्याची. ‘आमची सेवा सुरक्षित आहे’ असं सगळेच सांगतात, तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. कॉल जोडण्याचे संदेश टीएलएसवरून (संदेश कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीने), म्हणजे साधारणपणे ५०६१ पोर्टवरून जातात का? आणि प्रत्यक्ष आवाज एसआरटीपीने, म्हणजे आवाजासाठीच्या तशाच पद्धतीने, कुलूपबंद होतो का? यातली एकच गोष्ट असणं फसवं आहे. एसआरटीपीची किल्ली बऱ्याच संचांत जोडणीच्या संदेशातूनच पाठवली जाते. तो संदेश उघडा गेला तर कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटातून गेली. उलट फक्त टीएलएस असेल तर कुणी कुणाला फोन केला हे झाकलं जातं, पण संभाषण वाटेत कुणालाही ऐकता येतं. आम्ही हे माहितीपत्रकावरून मान्य करत नाही. ऑफिसच्या नेटवर्क स्विचच्या एका पोर्टवर वायरशार्क (जाळ्यातून जाणारा डेटा पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून चाचणीचा कॉल पकडतो आणि त्यातला आवाज वाजवून पाहतो. नुसती खरखर आली तर काम झालं. ‘हॅलो, हॅलो’ ऐकू आलं तर एन्क्रिप्शन कागदावरच आहे.

ग्राहकाला आम्ही हेही स्पष्ट सांगतो की हे कुलूप आपल्या फोनपासून सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरपर्यंतच आहे. पुढे कॉल साध्या टेलिफोन जाळ्यात उतरतो. डॉक्टर, वकील, सीए यांनी हे ध्यानात घेऊनच काय बोलायचं ते ठरवावं.

टीएलएस लावल्यावर येणारी एक अडचण फार गोंधळात टाकते. रात्री वीज जाते, सकाळी येते आणि निम्मे फोन सर्व्हरवर नोंदच होत नाहीत. पासवर्ड बरोबर, इंटरनेट चालू. फोनच्या पडद्यावर तारीख पाहा, ती १९७० ची असते! फोनमधलं घड्याळ शून्यावर गेलं, म्हणून सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. म्हणून फोनना वेळ पुरवणारा सर्व्हर आम्ही ऑफिसच्या राउटरवरच देतो. प्रमाणपत्र तपासणंच बंद करून हा प्रश्न सोडवणारे लोक आहेत. तसं करू नये. मग मधे बसलेल्या कुणालाही ‘मीच सर्व्हर’ म्हणता येतं.

सेवा देणाऱ्याची कागदपत्रं पाहणं आम्ही उशिरा शिकलो, ते आधी करायला हवं होतं. भारतातला नंबर देणाऱ्याकडे दूरसंचार विभागाचं युनिफाइड लायसन्स किंवा व्हीएनओचा (दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर सेवा विकणाऱ्याचा) परवाना लागतो. मधला विक्रेता असेल तर तो कुणाच्या परवान्यावर विकतो ते लेखी घ्यावं. केवायसीत पॅन, जीएसटी नोंदणी, जागेचा पुरावा आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र मागितलं जातं. ‘काही लागत नाही, आजच चालू करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. परदेशी कंपनीची स्वस्त सेवा घेऊन तिथून +९१ चा नंबर दाखवत भारतात फोन करायची युक्तीही आता चालत नाही. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा २०२४ पासून सुरू आहे.

आणखी एक गोष्ट करारावर सही करण्याआधी समजून घ्यावी. मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, लँडलाइनचा नेता येत नाही. पाट्यांवर, बिलबुकांवर, ट्रकच्या मागे वीस वर्षं लिहिलेला नाशिकचा ०२५३ चा नंबर हवा असेल, तर ती जुनी लाइन चालू ठेवून एफएक्सओ गेटवेने (जुनी तारेची लाइन इंटरनेट फोनला जोडणाऱ्या पेटीने) नव्या संचात आणावी लागते. तिथे नेमकी दोन दुखणी असतात. बऱ्याच जुन्या लाइनवर कॉलर आयडी पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफ टोनमध्ये (आकडे दाबल्यावर वाजतात त्या सुरांत) येतो, गेटवे मात्र तो रिंगनंतर वेगळ्या पद्धतीने शोधत बसतो आणि पडद्यावर ‘अननोन’ दिसतं. दुसरं दुखणं म्हणजे समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते. गेटवेला आपला बिझी टोन ओळखायला शिकवावा लागतो: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. एक्स्चेंजकडून लाइनवर रिव्हर्सल (तारांची ध्रुवता उलटवून दिलेली खूण) मिळालं तर त्याहून चांगलं.

आता इंटरनेटकडे. जी.७११ कोडेकचा (आवाज डेटात बदलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) एक कॉल इथरनेटवर प्रत्येक दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो. आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांत जातो आणि एसआरटीपी प्रत्येक पॅकेटमागे साधारण १० बाइट वाढवतं, म्हणजे ९१ धरा. दहा कॉलना जेमतेम १ एमबीपीएस लागतो, आजच्या फायबरला ते काहीच नाही. तरीही आवाज तुटतो, कारण अडचण वेगाची नसून रांगेची असते. कुणीतरी सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर चढवतं आणि अपलोडच्या रांगेत आवाजाची पॅकेटं मागे पडतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, त्या उशिरातला चढउतार ३० च्या आत आणि हरवणाऱ्या पॅकेटांची गळती १ टक्क्याच्या आत हवी. त्यासाठी फोनना वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र जाळं), आवाजाच्या पॅकेटांना ‘आधी सोडा’ सांगणारी डीएससीपी ४६ ची खूण आणि राउटरवर अपलोडला प्राधान्य. ऑपरेटर त्या खुणेचा मान सार्वजनिक इंटरनेटवर राखेलच असं नाही, पण अडतं ते बहुतेक आपल्याच दारात.

कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटत असेल तर इंटरनेटला दोष देऊ नका. कॉल उचलल्याच्या उत्तराला पोच मिळाली नाही, तर सिपचं घड्याळ अर्ध्या सेकंदाच्या ६४ पटींनी, म्हणजे ३२ सेकंदांनी कॉल सोडून देतं. पोच येत नाही, कारण संदेशात पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पडलेला असतो आणि पलीकडच्याला तो सापडत नाही. राउटरमधलं ‘सिप एएलजी’ नावाचं मदतनीस फीचर अनेकदा हा पत्ता चुकीचा बदलतं. ते आधी बंद करावं आणि सर्व्हरला त्याचा बाहेरचा पत्ता नीट सांगावा. टीएलएसमध्ये संदेश एएलजीला वाचताच येत नाही, त्यामुळे ही तक्रार पुष्कळ कमी होते.

आज आम्ही नवी सेवा आधी दोन एक्स्टेन्शनवर पंधरा दिवस चालवतो, जुन्या लाइन न काढता. बँकेच्या आयव्हीआरला (‘अमुकसाठी एक दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेला) फोन लावून आकडे पोचतात का ते पाहतो. नाही पोचले तर डीटीएमएफची पद्धत दोन्हीकडे आरएफसी २८३३ वर, म्हणजे आकडे आवाजाऐवजी वेगळ्या पॅकेटांतून पाठवण्यावर आणतो. ओएनटी (फायबर जिथे येऊन लागतो ती पेटी), राउटर आणि नेटवर्कच्या तारेतूनच फोनना वीज देणारा पीओई स्विच, तिन्ही यूपीएसवर आहेत ना हे मेन स्विच पाडूनच तपासतो. बहुतेक वेळा ओएनटी साध्या बोर्डावर सापडतो. लिफ्टमधला आणीबाणीचा फोन या संचावर घेत नाही. ११२ साठी मोबाइल वापरायचा, हे रिसेप्शनच्या टेबलावर लिहून चिकटवतो. आणि शेवटी, ग्राहकाच्या समोर, त्याच्याच फोनवरून एक आयएसडी नंबर फिरवतो. ‘ही सुविधा उपलब्ध नाही’ असं सेवा देणाऱ्याच्या बाजूने ऐकू आलं की मगच जुन्या पेटीच्या तारा क्रोनमधून काढतो.